फसलेल्या प्रयोगांचीही नोंद हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यांतील नवकल्पनांचा विषय निघाला की संशोधन विभाग आणि नवी यंत्रे यांचीच चर्चा होते. परंतु आपल्याच कारखान्यात पूर्वी काय करून पाहिले आणि ते का सोडून दिले हे कोणालाच ठाऊक नसेल, तर नवे सुचणेही अवघड होते, हे भोसरीतील एका टूलरूममध्ये (साचे व हत्यारे बनवणाऱ्या विभागात) ३० वर्षे काढल्यावर मला कळकळीने सांगावेसे वाटते.

आमच्याकडे पत्रा वाचवण्यासाठी एका ब्रॅकेटच्या ब्लँकची (वाकवण्यापूर्वी पत्र्यातून कापायच्या तुकड्याची) पत्र्यावरील मांडणी बदलली आणि बेंडवर, म्हणजे वाकवलेल्या जागी, तडे जाऊ लागले, कारण बेंडची रेघ पत्र्याच्या रोलिंगच्या (पत्रा लाटला जातो त्या) दिशेला समांतर येत होती. तीन आठवडे माल रिजेक्ट झाला. अखेर एका निवृत्त डायमेकरांना (साचे बनवणाऱ्या कारागिरांना) घरून बोलावले, तेव्हा त्यांनी पिशवीतून तेलाचे डाग पडलेली वही काढली. हीच मांडणी ११ वर्षांपूर्वी करून पाहिली होती आणि तेव्हाही तडे गेले होते. ब्लँक तिरका ठेवला तर पत्राही वाचेल आणि तडेही टळतील, असे त्यांनी खाली पेन्सिलीने लिहिले होते. मात्र तेव्हाच्या फीडरवर (प्रेसमध्ये पत्रा सरकवणाऱ्या यंत्रावर) ते जमत नव्हते. नव्या फीडरवर जमले.

ज्या कंपनीच्या नावावरून आपण छायाप्रतीला ‘झेरॉक्स’ म्हणतो, तिथे यंत्रदुरुस्ती करणारे तंत्रज्ञ पुस्तकात नसलेल्या युक्त्या गप्पांतून एकमेकांना सांगत असल्याचे अभ्यासकांच्या लक्षात आले. त्यातून १९९०च्या दशकात ‘युरेका’ ही संगणकीय व्यवस्था उभी राहिली. त्यातील प्रत्येक युक्ती इतर तंत्रज्ञांकडून तपासून घेतली जाई आणि ती सुचवणाऱ्याचे नाव तिच्यासोबत राही. मला यातील नावाचे महत्त्व फार वाटते. आपल्याकडे कामगाराची कल्पना साहेबांच्या सादरीकरणात जाते आणि त्याचे नाव गळते. मग पुढच्या वेळी तो गप्प बसतो.

निवृत्तीपूर्वीचे निदान सहा महिने अनुभवी कामगारासोबत नवा माणूस द्यावा, फसलेल्या चाचणीची कारणांसह नोंद करावी आणि कंत्राटी कामगारांनाही त्या नोंदवहीत लिहू द्यावे, अशी उद्योजकांना विनंती आहे. आमच्या त्या डायमेकरांच्या वहीची उरलेली पाने आजही कंपनीत कोणी वाचलेली नाहीत.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम पर्यवेक्षक, पुणे