वाघ सरकारचा, भिंत माझी: वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी अमरावतीचा. बँकेतून निवृत्त झालो, वय ७३. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून पाल्हाळ न लावता विनंती आधी लिहितो. माझ्या घरात वाघाचं एक मुंडकं, डोक्यासकट वाघाचं एक कातडं, एक बिबट्या, एक अस्वल, गव्याचं मुंडकं, सांबराची दोन आणि चौशिंग्याचं एक, एवढा ऐवज भिंतींवर आणि पेट्यांत आहे. सगळे साठेक वर्षांपूर्वीच मेलेले आहेत. हा ऐवज आपल्या खात्याने घेऊन जावा. मोबदला नको, सत्कार नको. फोटो तर अजिबात नको.

फोटोचं कारण असं. आम्ही दोघं वडिलोपार्जित बंगला सोडून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जातोय. बायकोचे गुडघे गेले, माझी अँजिओप्लास्टी झाली, मुलगी पुण्याला, मुलगा परदेशात. एवढं मोठं घर झाडणार कोण? बिल्डरला ताबा द्यायचा म्हणून गेल्या आठवड्यात सामान बांधायला माणसं बोलावली. त्यातल्या एका पोराने वाघाशेजारी उभं राहून सेल्फी काढला आणि टाकला स्टेटसला. दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या खात्याच्या दोन जीपा दारात उभ्या.

पंचनामा झाला. पंच म्हणून समोरचे किराणावाले आणि इस्त्रीवाला. एका वनरक्षकाने वाघाच्या नाकापासून मानेपर्यंत टेप लावली, दुसऱ्याने दात मोजले, तिसऱ्याने मोबाइलवर शूटिंग केलं. बायकोने सगळ्यांना चहा दिला, तो सगळ्यांनी घेतला. संध्याकाळी एका वेब पोर्टलवर ठळक बातमी: वाघाच्या कातड्यासह वृद्ध ताब्यात! साहेब, मी ताब्यात वगैरे नव्हतो. मी त्या वेळी घरी वरणभात खात होतो. पण गल्लीतली पोरं आता मला वीरप्पन आजोबा म्हणतात, आणि चाळीस वर्षं ज्यांच्या मुलांची कर्जं पास केली ते शेजारी फाटकापाशी थांबून नुसतं आत डोकावतात.

आता खरी गंमत ऐका. या सगळ्या वस्तूंचं, वडिलांच्या नावाचं १९७३ चं मालकी प्रमाणपत्र मी पंचनाम्याला आलेल्या साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. म्हणाले, कागद खरा आहे, पण तुमच्या नावावर नाही, तेव्हा चौकशी होईपर्यंत या वस्तू शासनाची मालमत्ता समजल्या जातील. मी म्हटलं, देव पावला, घेऊन जा! तर म्हणे, आमच्याकडे ठेवायला जागा नाही. सुपूर्तनाम्यावर तुमच्याकडेच राहतील. हलवायच्या नाहीत, खराब होऊ द्यायच्या नाहीत. अहो, घर पाडणार आहेत पुढच्या महिन्यात. ते तुम्ही बघा, म्हणाले.

मालकी शासनाची, राखण माझी, आणि घर बिल्डरचं. यातून वाट कशी काढायची ते आपणच सांगा.

बरं, हे काही अचानक उपटलेलं प्रकरण नाही. गेल्या ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताहाच्या कार्यक्रमात आपल्याच खात्यातल्या एका बड्या साहेबांनी हार गळ्यात असताना, माइकवरून, मला शब्द दिला होता. काका, दिवाळी होऊ द्या, गाडी पाठवतो. मुलांसाठी निसर्ग माहिती केंद्र करतोय, तिथे मांडू, खाली तुमच्या वडिलांचं नाव लिहू. टाळ्याही पडल्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळीसुद्धा झाली. साहेबांची बदली झाली असं कळतं. नव्या साहेबांना त्या शब्दाची माहिती नाही, कारण तो आवक-जावक नोंदवहीत चढलेला नाही.

वडिलांबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, नाहीतर आपण मला शिकाऱ्याचा भक्त समजाल. ते वकील होते. मेळघाटात परवाना काढून शिकार करायचे. त्या काळी जंगलाचे शूटिंग ब्लॉक, म्हणजे शिकारीसाठी आखून दिलेले भाग, ठरलेले असत, परवान्यावर काय आणि किती मारायचं ते लिहिलेलं असे, मचाण बांधायला आणि हाका घालून जनावर उठवायला कोरकू आदिवासी माणसं मजुरीवर मिळत. मारलेल्या वाघाचं कातडं मीठ चोळून, पेटीत घालून रेल्वेने मैसूरला जायचं, व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात, तिथे मेलेलं जनावर भरून जिवंतासारखं करून देत. त्या एका कारखान्याने म्हणे चाळीस हजारांवर वाघ-बिबटे भरले. आकडा मी वाचलेला आहे, मोजायला गेलो नव्हतो. १९९९ मध्ये तो बंद पडला. मला स्वतःला हा सगळा प्रकार कधीच आवडला नाही. लहानपणी पाहुणे आले की वडील मला उचलून वाघाच्या जबड्यात हात घालायला लावायचे आणि मी रडलो की सगळे हसायचे.

पण नाही आवडलं म्हणून फेकून देता येतं का? गेली कित्येक वर्षं आम्ही या मेलेल्या जनावरांची उस्तवार करतोय. वाघाची जीभ प्लॅस्टरची, वरच्या लाल रंगाचे पोपडे निघालेत. डावा कान कसरीने खाल्ला, तो मी पुठ्ठा आणि फेव्हिकॉल लावून उभा केलाय. पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरते, म्हणून खोलीत रात्रंदिवस बल्ब लावून ठेवावा लागतो. जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक चोळत असत, हे कळल्यापासून बायको नाकाला पदर बांधून, रंगाच्या मऊ ब्रशने धूळ काढते आणि नंतर आंघोळ करते. डांबरगोळ्यांचा खर्च, विजेचं बिल, तिचा खोकला, हे सगळं कुठल्या लेखाशीर्षाखाली मागायचं? नव्या फ्लॅटची लिफ्ट चार माणसांची आहे. गव्याचं मुंडकं शिंगांसकट त्यात मावत नाही, मी टेप लावून पाहिलंय.

कायदा मी वाचलेला आहे, साहेब. निवृत्त माणसाला दुसरं काम काय! वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला तेव्हा वडिलांनी मुदतीत एकूणएक वस्तूची नोंद दिली. त्यांच्या बरोबरीच्या पुष्कळांनी दिली नाही. २००३ मध्ये सरकारने पुन्हा १८० दिवसांची संधी दिली, तीही अनेकांनी घालवली. मग कुणी रात्री विहिरीत टाकलं, कुणी होळीत घातलं, असं ऐकतो. वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांत अजूनही हजार-दोन हजार मुंडकी सहज निघतील, असा माझा अंदाज आहे. खात्याकडे खरा आकडा असेल तर जाहीर करावा.

वडील २००९ मध्ये गेले. वारसाने ९० दिवसांत घोषणा करायची असं कलम ४० सांगतं. तेरावं झाल्यावर मी पहिलं काम हे केलं, घराची वारस नोंद त्यानंतर. पोच माझ्याकडे आहे, शिक्क्यासकट. कायद्याप्रमाणे पुढे चौकशी व्हायची, यादी करायची आणि नवं प्रमाणपत्र द्यायचं. २००९ पासून चौकशी सुरू आहे. बँकेत मृत खातेदाराच्या वारसांचा दावा निकाली काढायला आम्हाला १५ दिवस मिळायचे, सोळाव्या दिवशी वरून विचारणा व्हायची. आपल्याकडे सोळावं वर्षसुद्धा कुणी विचारत नाही.

मग २०२२ ची दुरुस्ती आली, १ एप्रिल २०२३ पासून लागूही झाली. त्यातलं कलम ४२अ वाचून मी बायकोला म्हटलं, सुटलो गं! ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि ज्याला वस्तू ठेवायची नाही, त्याने मुख्य वन्यजीव रक्षकांना सात कामकाजी दिवसांची नोटीस द्यायची आणि वस्तू सरकारजमा करायची. भरपाई एक पैसा नाही. मला कुठे हवीय? अर्ज घेऊन गेलो. प्रमाणपत्र तुमच्या नावाचं पाहिजे. मग द्या. चौकशी झाल्याशिवाय कसं देणार? मग करा चौकशी. मनुष्यबळ नाही. परवा दोन जीपा भरून आलं होतं ते काय होतं मग? थोडक्यात, हा वाघ सरकारजमा करायला आता माझ्या वडिलांनी स्वतः यावं लागेल.

विकायला बंदी आहे, ती योग्यच आहे. जुन्याच्या नावाखाली उद्या ताजं कातडं बाजारात येईल, एवढं मलाही कळतं. पण दान? इथल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाचे सर घरी येऊन पाहून गेले, हरखून गेले. गव्याची कवटी आणि शिंगं मुलांना हातात घेऊन दाखवता येतील, म्हणाले. नागपूरहून मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी आणावी लागेल हे कळल्यावर प्राचार्यांनी लांबूनच हात जोडले. एका संग्रहालयाने पत्राला उत्तर दिलं, ते निदान सभ्यपणा म्हणून: आमच्याकडचेच प्राणी गोदामात आहेत. जाळून टाकावं म्हटलं तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा आमच्यावर. २०२१ मध्ये आसामात गेंड्याची २,४७९ शिंगं मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत जाळली, तेव्हा तो सोहळा होता. मी अंगणात चौशिंगा पेटवला तर ३ ते ७ वर्षं, आणि वस्तू कायदेशीर होती हे सिद्ध करायची जबाबदारीही कायद्याने माझीच.

राजेरजवाड्यांचं मात्र बरं असतं. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेले प्राणी तिकीट काढून बघता येतात. असू देत, त्यांच्याकडे जागा आहे, कागद असतील, माझी हरकत नाही. आपल्या सरकारचं स्वतःचं टॅक्सिडर्मी केंद्रसुद्धा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून आहे. ज्या वर्षी माझा अर्ज तुमच्याकडे आला त्याच वर्षी तुम्ही मेलेली जनावरं भरायला सुरुवात केलीत! नवीन भरायला माणसं आहेत, भरलेली न्यायला गाडी नाही.

जागेचं म्हणाल तर याच राज्यात २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावायची मोहीम झाली होती. तेवढ्या झाडांसाठी जागा सापडते आणि माझ्या आठ नगांसाठी अमरावती, नागपूर, मुंबई मिळून एक खोली सापडत नाही?

आणि ही मालकीची भानगड मला खरंच समजावून सांगा. माझ्या मेव्हण्याचं अचलपूरकडे शेत आहे. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं त्याची तूर उभीच्या उभी झोपवतात. तिथे जिवंत जनावर कुणाचं, असं विचारलं की खातं म्हणतं अर्ज करा, पंचनामा होईल, पीक कापू नका. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत कापायला पीक उरत नाही. माझ्या भिंतीवरचं जनावर मात्र मरून साठ वर्षं झाली तरी शासनाचं, आणि त्याच्या पंचनाम्याला दुसऱ्याच दिवशी जीप. जो खातो त्याला मालक नाही आणि जो भिंतीवर मुकाट बसलाय त्याला सगळं शासन मालक! २०२२ च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ निघाले, २००६ मध्ये १०३ होते. अभिनंदन. मनापासून म्हणतो. माझ्या वडिलांच्या पिढीने जे उणं केलं ते तुम्ही भरून काढताय. पण या ४४४ चा हिशेब पानापानांवर छापणाऱ्या खात्याला माझ्या दीड वाघाची फाईल सापडू नये?

सापडेल तरी कशी? आपल्या राज्यात प्रामाणिक माणसाचीच फाईल हरवते. ज्यांनी नोंद दिली नाही, विहिरीत टाकून मोकळे झाले, ते आज नातवंडांना घेऊन चिखलदऱ्याला फिरतात. ज्याच्या बापाने सही करून सरकारला खरं सांगितलं, त्याच्या दारात जीप. सातबाऱ्याचं तेच, पेन्शनचं तेच, घरपट्टीचं तेच. भरणाऱ्यालाच नोटीस येते, कारण त्याचाच पत्ता सरकारकडे असतो. माझा मुलगा फोनवर म्हणतो, बाबा, तुम्ही लोक कागद जपता म्हणून अडकता. त्याला काय उत्तर देऊ?

असो. मुख्य वन्यजीव रक्षकांना सांगून माझी चौकशी तरी पूर्ण करवा, म्हणजे ४२अ खाली मी रीतसर नोटीस देईन. ते जमत नसेल तर त्या कॉलेजला लेखी परवानगी द्या, सर अजून तयार आहेत. तेही जमत नसेल तर नव्या पत्त्यावर वाहतुकीचा परवाना द्या आणि गवा जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार वनरक्षक पाठवा. त्या पोर्टलला खुलासा पाठवण्याची कृपा केलीत तर बायको बाजारात जायला लागेल. बिल्डरची तारीख येत्या महिनाअखेरची आहे. त्या दिवशी बुलडोझर आला तर सरकारी मालमत्ता वाचवायची जबाबदारी कुणाची, हे आधीच लेखी कळावं. तोंडी आश्वासन नको, ते माझ्याकडे एक आहे.

आपला,
आपल्या मालमत्तेचा बिनपगारी राखणदार,
अमरावती

ता. क. पंचनाम्याच्या वेळी टेप लागून अस्वलाचा उजवा काचेचा डोळा निखळला. यादीत मात्र 'दोन्ही डोळे सुस्थितीत' असं लिहिलं आहे. डोळा मी होमिओपॅथीच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे. सरकारी वस्तू असल्याने कळवलं. पोच द्यावी.