रुसलेल्या टेक्सासमधून

ऑस्टिन, टेक्सास
२० जानेवारी २०१३

प्रिय अव्या,

दिवाळीत फोनवर तू विचारलं होतंस, "काय बे, तुमचं टेक्सास वेगळं होऊन राह्यलं म्हणते? आम्ही पन्नास वर्षं मोर्चे काढून राह्यलो अन् तुमचं एका आठवड्यात?" तुझ्या मागे फटाके वाजत होते, माझं अर्धं बोलणं तुला ऐकूच गेलं नाही. "सविस्तर लिहितो" म्हणून मी फोन ठेवला आणि दोन महिने गेले. उशिराचा फायदा एवढाच, की मधल्या काळात सरकारचं उत्तरही आलं. तेव्हा चहा घेऊन बैस.

आधी तुझा घोटाळा दूर करतो. आपल्याकडे 'वेगळं राज्य' म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे विदर्भ येतो. म्हणजे मुंबईपासून वेगळं, दिल्ली तीच. टेक्सासवाल्यांनी जे मागितलं त्यात दिल्लीच नको होती. अमेरिकेतूनच बाहेर, स्वतःचं सरकार, स्वतःचा देश. तेलंगणवाल्यांना गृहमंत्री सुशीलकुमार शिंद्यांनी डिसेंबरात महिन्याभरात निर्णयाचा वायदा केलाय ना, ते प्रकरण आणि हे प्रकरण यांत फक्त 'वेगळं' हा शब्द सारखा आहे.

झालं असं. ओबामांच्या सरकारने २०११च्या सप्टेंबरात 'वी द पीपल' नावाची सोय काढली. व्हाइट हाऊसच्या संकेतस्थळावर कोणीही अर्ज टाकायचा, तीस दिवसांत २५ हजार सह्या जमल्या की सरकार उत्तर देणार. ६ नोव्हेंबरला ओबामा दुसऱ्यांदा निवडून आले, ३३२ विरुद्ध २०६ निर्वाचक मतांनी. दुसऱ्याच दिवशी लुइझियानातून अर्ज पडला, की आम्हाला संघराज्यातून जाऊ द्या. दोन दिवसांनी टेक्सासचा. मग रांगच लागली. बघता बघता पन्नासही राज्यांच्या नावाने अर्ज झाले आणि टेक्सासच्या अर्जावर सव्वा लाखाहून जास्त सह्या पडल्या.

मी तो अर्ज नीट वाचला. तुला आवडला असता, निवेदनं लिहिण्यात तुझी हयात चाललीय. सरकारची उधळपट्टी, विमानतळावरची झडती, नागरिकांच्या हक्कांवर घाला, अशी गाऱ्हाणी आधी. मग हिशेब, की टेक्सासचा अर्थसंकल्प तोलून असतो, आमची अर्थव्यवस्था जगात पंधरावी आहे, तेव्हा बाहेर पडणं आम्हाला परवडतं. आणि सगळ्यात वर मागणी काय, तर टेक्सासला शांततेने बाहेर पडायची मंजुरी द्यावी. मंजुरी! ज्या सरकारची सत्ता नको, त्याच्याच दारात त्याच्याच नमुन्यात अर्ज करून परवानगी मागायची. १७७६ साली इंग्लंडपासून स्वतंत्र होताना कोणी राजाकडे रजेचा अर्ज टाकला होता का? घरातून निघून जाणाऱ्या पोराने बापाकडे एसटीचे पैसे मागावेत, तशातली गत.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात. खरं नाव देत नाही, आपण पाटील म्हणू. अंगाने, आवाजाने आणि स्वभावाने पाटीलच आहेत. मी नवा होतो तेव्हा हायवेवर माझं टायर फुटलं, तर पस्तीस मैल गाडी हाकत आले होते. त्यांनी सही केली. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "मग आता तुम्ही परदेशी होणार?" तर म्हणाले, "मी कुठे चाललोय? माझा आजा इथे पुरलाय. मी आहे तिथेच आहे, देश पुढे निघून गेला." मग मी खोडी काढली. तुमच्या आईची पेन्शन वॉशिंग्टनहून येते तिचं काय? फोर्ट हूडची छावणी, ह्यूस्टनचं नासा? २०११च्या सप्टेंबरात आपल्या शेजारी बॅस्ट्रॉपला सोळाशेवर घरं जळाली तेव्हा केंद्राची मदत आली होती की नाही? पाटील शांतपणे सँडविच खात राहिले. शेवटी म्हणाले, "सही केली म्हणजे मला ते हवं आहे असं नाही. त्यांनी एकदा तरी वाचावं, एवढंच."

माझ्या मते सगळं मर्म यात आहे. आपल्याकडे याला रुसवा म्हणतात. लग्नात मानपान चुकला की एखादे काका पान सोडून मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसतात. ते गावाला जात नाहीत. मांडवातून दिसेल अशाच जागी बसतात.

आता माझी बाजू ऐक आणि हस. मी सहा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. मला मत नाही. पण हा अर्ज? वय तेरा पूर्ण आणि एक ईमेल, बस. बाहेर पडायच्या अर्जावर मी आत न येताच सही करू शकत होतो! म्हणून त्या सव्वा लाखातले टेक्सासचे किती आणि मौजेखातर बोट चालवणारे किती, हे देवच जाणे. आणि सगळे खरे धरले तरी टेक्सासची वस्ती अडीच कोटींच्या वर आहे. अर्धा टक्का झाला. तुझ्या नागपूरच्या व्हरायटी चौकातल्या धरण्यालाही याहून बरा हिशेब लागत असेल.

आमचं ऑस्टिन या सगळ्यात वेगळंच. इथल्या कोणीतरी उलटा अर्ज टाकला, की टेक्सास जाणार असेल तर ऑस्टिनला टेक्सासमधून वेगळं करा, आम्हाला अमेरिकेतच राहायचंय. आणखी कोणी म्हणालं, सह्या करणाऱ्या सगळ्यांचं नागरिकत्व काढून घ्या. मला ही निव्वळ टवाळी वाटली होती. पण मग ग्रंथालयात बसून जरा जुनं वाचलं. १८६१च्या फेब्रुवारीत टेक्सासने खरंच मतदान घेतलं होतं, फुटायचं की नाही यावर. सुमारे ४६ हजार मतं फुटण्याच्या बाजूने, १५ हजारांच्या आसपास विरुद्ध. आणि ऑस्टिन ज्या ट्रॅव्हिस काउंटीत आहे तिने तेव्हाही विरुद्धच कौल दिला होता. म्हणजे शहराचा हट्ट दीडशे वर्षांचा.

त्या वेळचा गव्हर्नर सॅम ह्यूस्टन. टेक्सास मेक्सिकोपासून लढून स्वतंत्र केला तो यानेच, १८३६ साली. नऊ वर्षांचा तो देश १८४५ला अमेरिकेत आला. एकदा देश काढून चालवलेला माणूस दुसऱ्यांदा देश काढायला मात्र तयार नव्हता. फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या कॉन्फेडरेट सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला त्याने नकार दिला आणि त्याची खुर्ची गेली. म्हणतात, वर सभागृहात त्याच्या नावाचा पुकारा होत होता आणि हा खाली तळघरात चाकूने लाकूड तासत बसला होता. खरं-खोटं काय असेल ते असो, मला तो म्हातारा फार आवडला. पाटलांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्या खापरपणज्याने त्याच्या विरुद्धच मत दिलं असणार."

आता तुझ्या नावाची गंमत. या फुटीवरून पेटलेलं यादवी युद्ध संपल्यावर टेक्सास सर्वोच्च न्यायालयात गेला. भांडण रोख्यांचं. युद्धाच्या काळात राज्याच्या बंडखोर सरकारने अमेरिकेचे सरकारी रोखे विकून टाकले होते, ते आम्हाला परत द्या. समोरचे म्हणाले, तुम्ही तर फुटला होता, मग राज्य म्हणून दावा कसा लावता? त्यावर टेक्सासचं म्हणणं काय असेल सांग? आम्ही कधी फुटलोच नव्हतो! १८६९च्या एप्रिलमध्ये पाच विरुद्ध तीन असा निकाल टेक्सासच्या बाजूने लागला. सरन्यायाधीश चेस यांनी लिहिलं, की अमेरिकेची राज्यघटना म्हणजे अविनाशी राज्यांचा अविनाशी संघ. फुटण्याचा ठराव कायद्याच्या दृष्टीने झालाच नाही असं समजा. दोन ओळींत दोनदा तू. जो निकाल दाखवून आज वकील लोक टेक्सासवाल्यांना गप्प करतात, तो टेक्सासनेच भांडून मिळवलेला आहे. मी हे वाचून एकटाच हसत सुटलो, ग्रंथपालबाईंनी डोळे वटारले.

आणि आपल्याकडे? स्पर्धा परीक्षेला तू घोकायचास ते आठव, 'विनाशी राज्यांचा अविनाशी संघ'. कलम ३. संसदेने ठरवलं तर साध्या बहुमताने राज्य मोडा, जोडा, नाव बदला. विधानसभेला फक्त मत विचारायचं, तिची संमती लागत नाही. इथे राज्याच्या विधिमंडळाची संमती असल्याशिवाय त्याचा तुकडा पडत नाही. म्हणून तुझी विदर्भाची मागणी घटनेत सरळ बसते, फझल अलींच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली ती मान्यही केली होती, आणि तरी तू अजून २८ सप्टेंबरला नागपूर कराराची होळी करतोस. पाटलांच्या मागणीला घटनेत जागाच नाही आणि त्यांना दोन महिन्यांत सविस्तर उत्तर आलं. नशीब म्हणतात ते हेच.

उत्तर ११ जानेवारीला आलं. जॉन कार्सन नावाचे अधिकारी आहेत, लोकसंपर्काचं खातं बघतात. सह्यांची अट पूर्ण केलेल्या राज्यांच्या अर्जांना मिळून त्यांनी एकच उत्तर लिहिलं. सूर सौम्य. मतपेटीच्या जोरावर सरकार बदलायचा हक्क घटनाकारांनी दिला आहे, पण सोडून चालायचा हक्क दिलेला नाही. लिंकनचं १८६१चं भाषण, यादवी युद्धात मेलेले सहा लाखांवर लोक, चेस यांचा निकाल, सगळं त्यात आहे. शेवटी, मतभेद असतील तर बोलत राहू. त्याच दिवशी त्याच सरकारने आणखी एका अर्जाला उत्तर दिलं. लोकांनी सिनेमातल्यासारखा ग्रह उडवणारा अवकाशतळ बांधायची मागणी केली होती. ग्रह उडवणं आमच्या धोरणात बसत नाही, असं कळवण्यात आलं! चार दिवसांनी सह्यांची अट २५ हजारांवरून एक लाख केली. कंटाळले असणार बिचारे.

हसण्यावारी नेतोय असं समजू नकोस. मला जे खटकतं तेही सांगतो. पंचवीस हजारांचा टप्पा आधी कोणी ओलांडला ती यादी बघ. लुइझियाना, टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा, फ्लोरिडा. जुनी कॉन्फेडरेट राज्यंच. राष्ट्राध्यक्षाचा रंग हा या रागातला एक भाग आहे, कोणी कितीही कर आणि कर्जाची भाषा करो. पाटलांना मी हे तोंडावर विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं. पस्तीस मैल गाडी हाकत आलेल्या माणसाला ते विचारायचा धीर होत नाही, हेही खरं. दुसरी बाजूही काही सोवळी नाही. २००४ला बुश पुन्हा आले तेव्हा उदारमतवादी मंडळी कॅनडाला जायच्या गोष्टी करत होती. आणि १८१४ साली उत्तरेतल्या न्यू इंग्लंडवाल्यांनी हार्टफर्डला जमून असाच डोक्यात राख घालण्याचा कार्यक्रम केला होता. हरलेल्याला आपलं घर परकं वाटतं, ते दोन्हीकडे.

इथले पुढारी तर आपल्याच मुशीतले. गव्हर्नर रिक पेरी २००९ला इथेच एका सभेनंतर म्हणाले होते, की वॉशिंग्टन असंच वागत राहिलं तर पुढे काय होईल कोण सांगणार. आता अर्जाबद्दल विचारल्यावर त्यांच्या कचेरीने सांगितलं, संघराज्याच्या थोरवीवर त्यांची श्रद्धा आहे, पण लोकांचा वैताग त्यांना समजतो. दोन्ही डगरींवर पाय. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विदर्भावर बोलणारे आमदार आठवले.

एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. 'आम्हाला या देशात राहायचं नाही' असं सव्वा लाख लोक सरकारच्याच भिंतीवर लिहून गेले आणि कोणाच्या दारात पोलीस गेला नाही. आपल्याकडे सप्टेंबरात असीम त्रिवेदीला मुंबईत व्यंगचित्रांपायी राजद्रोहाच्या कलमाखाली आत टाकलं. पुढे कलम मागे घ्यावं लागलं, ती गोष्ट वेगळी. 'आम्ही फुटतो' असा अर्ज आपल्याकडच्या सव्वा लाखांनी टाकून पाहिला असता तर? दक्षिणेत वेगळा देश मागणाऱ्या द्रविडनाडूच्या मागणीनंतर १९६३ला घटनाच दुरुस्त केली, उमेदवाराला देशाच्या अखंडतेची शपथ घालायला लागले. आपली भीती मला कळते, फाळणी बघितलेला देश आहे. पण रुसलेल्या काकांना मांडवाबाहेर खुर्ची टाकू देण्यात वरपक्षाचं काय जातं, हेही मी इथे बघितलं.

आमची चिऊ आता पहिलीत आहे. रोज सकाळी शाळेत उभं राहून दोन प्रतिज्ञा म्हणते, आधी अमेरिकेच्या झेंड्याची, मग टेक्सासच्या झेंड्याची. दोन्हींत 'अविभाज्य' हा शब्द. तिला तो म्हणता येत नाही, मधली दोन अक्षरं गिळते. गंमत म्हणजे १८४५च्या विलीनीकरणाच्या ठरावात टेक्सासमधून आणखी चार राज्यं काढायची मुभा आहे.

आणि हो, तुला मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटचा मोर्चा आठवतो? तर्री-पोह्याच्या एका प्लेटवर तू माझी विदर्भाच्या निवेदनावर सही घेतली होतीस. मी पुढच्याच महिन्यात पुण्याला नोकरीला गेलो. तू ते अजून ऐकवतोस, ऐकवत राहा.

ओबामांची शपथ आज झाली, रविवार म्हणून घरातल्या घरात. जाहीर सोहळा उद्या आहे. पाटलांच्या अंगणात दोन झेंडे असतात. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा उतरवला होता, नुसता टेक्सासचा होता इतके दिवस. काल त्यांच्याकडे शिडी परत द्यायला गेलो तर दोन्ही वर. मी नुसतं तिकडे पाहिलं. म्हणाले, "दोरी कुजली होती, नवी आणायला वेळ लागला."

जुलैत तीन आठवडे येतोय. काकूंना सांग, सांडगी मिरची करून ठेवा, इथे कस्टमवाल्यांशी मी बघून घेईन. आणि निवेदन तयार असेल तर सहीला मी आहे, पण पोह्यावर तर्री दोनदा.

तुझा,
पद्या