सूचना : सुक्या कचऱ्याच्या डब्यांना सेन्सर

सर्व सभासदांसाठी,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमधल्या सुक्या कचऱ्याच्या चारही डब्यांच्या (२४० लिटर) झाकणांना आतून सेन्सर बसवणार आहेत. काम तासाभराचं. तेवढ्या वेळात तिथे कचरा टाकू नये, डब्यांसमोर गाडी लावू नये.

हा कॅमेरा नाही. ध्वनिलहरी सोडून कचऱ्यापर्यंतचं अंतर मोजतो, बस्स. डबा ८० टक्के भरला की कचरा नेणाऱ्या ताईंच्या मोबाइलवर मेसेज जाईल. म्हणून सोमवार-गुरुवारची ठरलेली फेरी बंद.

कृपया :

• खोकी चपटी करूनच टाका. एक खोकं उभं राहिलं तरी अर्धा रिकामा डबा ‘भरला’ दिसतो आणि ताईंची फेरी फुकट जाते. सगळ्यात जास्त घोळ यानेच होतो.
• झाकण नीट लावा. उघड्या झाकणाचा सेन्सर भलतंच अंतर मोजतो.
• दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून टाका. ओलाव्याने सेन्सरवर बाष्प धरतं.

ओला कचरा नेहमीप्रमाणे रोज सकाळीच.

डबा ओसंडतोय पण न्यायला कुणी आलं नाही, तर वॉचमनना सांगा. सेन्सरवर कोळ्याचं जाळं असेल, तर ते कोरड्या फडक्याने पुसतील.

– सचिव