हौशी फोटोंना जागा द्या, पण नावानिशी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या अंकात वाचकांनी काढलेल्या फोटोंसाठी अर्धं पान राखून ठेवावं, या विनंतीसाठी हे पत्र लिहितो आहे. त्या पानावर दोनच विषय असावेत. एक, नागपूरच्या आसपास दिसणारे रंगीत पक्षी. दुसरा, विदर्भातले आणि शेजारच्या राज्यांतून इथे येणारे पारंपरिक नर्तक. प्रत्येक फोटोखाली पक्ष्याचं किंवा नाचाचं नाव, ठिकाण, महिना आणि साल छापावं. नाव कळलं नसेल तर फोटो थांबवून आधी नाव शोधावं.

नागपूरच्या सदर भागात माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. एके काळी लोक रोल धुवायला टाकायचे, आता पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या अल्बमवर दुकान चालतं. पासपोर्टच्या प्रती निघेपर्यंत गिऱ्हाईक काउंटरवर मोबाईल पुढे करतं, "भाऊ, हे पाहा जरा." त्यात अंबाझरी तलावाच्या काठावरचा खंड्या असतो, पळस फुलला की त्यावर लटकलेला शिंजीर असतो, अंगणातल्या झाडावरचा हळद्या असतो. पुढे सरकवलं की दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रातल्या लोकनृत्यांचे फोटो लागतात. शाळेतल्या बाई, रेल्वेतून निवृत्त झालेले काका, औषधाच्या दुकानातला पोरगा, अशा माणसांनी काढलेले हे फोटो असतात. यातलं फारच थोडं कागदावर येतं. बाकीचं "सुंदर पक्षी" किंवा "आदिवासी नृत्य" एवढ्याच ओळीनिशी या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जातं आणि मोबाईल बदलला की संपतं.

मला वाईट वाटतं ते त्या ओळीचं. मोरपिसांचा भलामोठा टोप घातलेल्या गुसाडी नर्तकाचा फोटो "बस्तरचे आदिवासी" म्हणून फिरताना मी पाहिला आहे. गुसाडी हा तेलंगणातल्या आदिलाबादकडच्या राजगोंडांचा नाच, दिवाळीच्या सुमारास दंडारी या समूहनृत्याबरोबर होणारा. त्याचे गुरू कनक राजू यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. बस्तरच्या दंडामी माडियांचा टोप वेगळाच असतो. त्याला गव्याची शिंगं असतात आणि पुढे कवड्यांच्या माळा अशा सोडलेल्या असतात की नाचणाऱ्याचा चेहरा निम्मा झाकला जातो. दोन्ही टोप समोर ठेवले तर लहान मूलही फरक सांगेल. पण नाव कुणी सांगितलंच नाही, तर मूल तरी काय करणार?

याच सांस्कृतिक केंद्रात नाचायला आलेल्या गुसाडी पथकातला एक जण मागे माझ्याकडे पासपोर्ट फोटोसाठी आला होता. साध्या शर्ट-पॅन्टमध्ये, पण कानामागे नाचासाठी फासलेली राख राहिलेली. एका गिऱ्हाइकाने आदल्या दिवशी काढलेला त्यांच्या पथकाचा फोटो मी पाच बाय सातमध्ये छापून भिंतीला क्लिपने लावला होता. त्याने तो पाहिला आणि बोट ठेवून एकेकाचं नाव सांगायला लागला. हा माझा भाचा, हा ढोलवाला, हा आमच्या गावचा पटेल. मग मला म्हणाला, "एवढे लोक फोटो काढतात, आमच्या घरी एकबी नाही." मी तो क्लिपमधून काढून त्याला दिला. फोटो काढणाऱ्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतः पैसे देऊन बाकीच्यांसाठीही प्रती काढल्या. चार बाय सहाची एक प्रत 15 रुपयांत निघते, साहेब. आपल्या रंगीत आठवणीत ज्याचा घाम आहे त्याला एवढं मिळालंच पाहिजे.

कनक राजूंचं गाव मारलावाई. त्याच गावात 1940 च्या दशकात मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ राहिले आणि गोंडांचे फोटो काढले. ते फोटो आज लंडनच्या सोआस या संस्थेत जपलेले आहेत. आपल्या शेजारच्या माणसांचे जुने फोटो बघायला लंडनचा संग्रह उघडावा लागतो. मग आजचे निदान आपल्या वर्तमानपत्राच्या फाइलमध्ये तरी सापडावेत. सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालय 1986 पासून आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, कर्नाटक इथले कलावंत आपल्या दारात येतात. ही संधी फार थोड्या शहरांना आहे.

पक्ष्यांच्या बाबतीतही नावाचं तेच. नीलपंखाचेच उदाहरण देतो, दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो. तारेवर बसलेला असला की तपकिरी, कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही असा. उडाला की पंखांत दोन तऱ्हेचा निळा उघडतो. माझ्याकडे एका काकांनी त्याचे बसलेला आणि उडणारा असे दोन फोटो आणले आणि दोन वेगळे पक्षी म्हणून दोन फ्रेम सांगितल्या. एकच आहे हे कळल्यावर त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. हा निळा रंगद्रव्याचा नसतो, पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरल्यामुळे तो दिसतो. आपल्या वर्तमानपत्राच्या कागदावर तो थोडा दबेल हे मी धंद्यातला माणूस म्हणून आधीच सांगून ठेवतो. तरी छापा.

एका बाबतीत मात्र कडक राहावं. घरट्याचे, पिल्लांचे फोटो घेऊ नयेत. पहिल्या पावसाच्या आगेमागे गोरेवाड्याच्या जंगलाकडे नवरंग पक्षी येतो. त्याची शीळ मोबाईलवर वाजवून त्याला जवळ बोलावतात, असं माझी गिऱ्हाइकंच सांगतात. विणीच्या दिवसांत तो पक्षी आपली हद्द राखायला धावत येतो आणि त्याचं घरटं जमिनीवर किंवा अगदी खालच्या फांदीवर असतं. असा फोटो कितीही देखणा असला तरी नको. नर्तकांचे फोटो त्यांना विचारूनच काढलेले असावेत. शक्यतो रंगमंचावरचे नसावेतच, तिथल्या जांभळ्या दिव्यांत माणसाचा आणि कापडाचा खरा रंग मरतो. दुपारी केंद्राच्या आवारात पथक कमरेला घुंगरं बांधत असतं, टोपाची पिसं सारखी करत असतं, तेव्हाचा उजेड उत्तम.

वाचकांना एवढंच सांगा की फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवा. साधा पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि त्यात साठवलेली तारीखही जाते. फोटो अगदी स्पष्ट नसला तरी चालेल. झूम करून चिंध्या झालेल्या पक्ष्यापेक्षा मोठ्या झाडात लहान दिसणारा पक्षी कितीतरी चांगला, झाड तरी कळतं. बक्षीस ठेवू नका. बक्षीस आलं की महागडी लेन्सवाले येतात आणि औषधाच्या दुकानातला पोरगा मागे सरतो.

सुरुवात पक्षी सप्ताहात करता येईल. वन्यजीव लेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे 5 ते 12 नोव्हेंबर, तो राज्यभर पाळला जातो. गुसाडीचे दिवसही त्याच्याच आगेमागे येतात.

आपण हे पान सुरू केलंत तर त्यात छापल्या गेलेल्या प्रत्येक नर्तकासाठी एक प्रत मी माझ्या दुकानात विनामूल्य काढून देईन, त्यामागे नाचाचं नाव आणि तारीख लिहून. त्या प्रती पथकांपर्यंत पोहोचवायला केंद्राने मदत करावी, असं आपल्याकडून त्यांना कळवावं.

आपला,
एक फोटो स्टुडिओचालक
सदर, नागपूर