फवारणी करायची तर आदल्या दिवशी सांगा

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात आमच्या वसाहतीच्या कुंपणाकडेला टाकळ्याची रानभाजी, म्हणजे आपला गोव्याचा तायकिळो, खुडत असलेल्या एका आजींना मी थांबवले. आदल्या दिवशी सकाळीच ठेकेदाराचा माणूस पाठीवर पंप घेऊन तिथून गेला होता. तणनाशक मारल्यावर पाने पिवळी पडायला चार-सहा दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी भाजी कालच्यासारखीच कोवळी दिसते. आजींनी विचारले, "हांगा कितें मारलां तें आमकां कोण सांगता?"

मी गप्प बसलो. एका हॉटेलच्या बागेत २६ वर्षे पर्यवेक्षक म्हणून काढलेल्या माणसाकडे याचे उत्तर असायला हवे होते. पण खरे सांगायचे तर आम्हीही कधी कोणाला सांगत नव्हतो. पाहुणे न्याहारीला बसायच्या आत फवारणी उरकायची, एवढाच आमचा नियम. औषध झाकणाने मोजायचो. नोझल तुंबले की माळी तोंडाने फुंकून मोकळे करायचा. रिकामे कॅन धुऊन कामगार घरी पाणी भरायला न्यायचे आणि ते मला ठाऊक होते.

कायदा नाही असे नाही. १९६८चा कीटकनाशक कायदा आहे, त्याखालचे १९७१चे नियम आहेत. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत, त्याला प्रशिक्षण हवे, रिकामे डबे पुन्हा वापरता येणार नाहीत असे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, पंप धुतलेले पाणी ओढ्या-विहिरीत जाऊ नये, हे सगळे त्यात लिहिलेले आहे. पण फवारणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शेतकरी येतो. २०१७ साली यवतमाळात कापसावर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, ते आपण वर्तमानपत्रात वाचले आणि हळहळलो. हॉटेलचे लॉन, शाळेचे मैदान, देवळाचे आवार, पालिकेची बाग इथे फवारणाराही तोच पंप आणि तीच औषधे वापरतो, हे मात्र लक्षात येत नाही. शेतकरी निदान स्वतःच्या शेतात फवारतो. माळी फवारतो ते दुसऱ्यांच्या मुलांच्या खेळण्याच्या जागेत.

ग्लायफोसेटचेच घ्या. केंद्र सरकारने २०२२च्या ऑक्टोबरमध्ये अधिसूचना काढली, की हे तणनाशक फक्त कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांमार्फतच वापरावे, आणि त्या व्यवसायाला परवाना लागतो. आमच्या कुंपणाशी आलेल्या मुलाला परवाना म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. पायात रबरी चप्पल, तोंडाला रुमाल. औषधाचे नाव विचारले तर म्हणाला, "घास मारने का." त्याला मी दोष देणार नाही. आपल्याकडचे बहुतेक माळी आता बाहेरच्या राज्यांतून आलेले, बाटलीवरची बारीक अक्षरे त्यांना कोण वाचून दाखवणार? पण बाटलीवर रंगाचा त्रिकोण असतो, तो ओळखायला अक्षरे लागत नाहीत. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल आणि पिवळ्याला बागेत हात लावायचा नाही, एवढे जरी ठेकेदाराने शिकवले तरी पुष्कळ झाले.

थायमेट या कीटकनाशकाचेही असेच. त्यातल्या फोरेटवर ३१ डिसेंबर २०२०पासून देशात बंदी आहे. तरी गेंड्या भुंग्यासाठी माडाच्या शेंड्यात 'थोडे थायमेट' टाकायचा सल्ला अजून कानावर येतो. जुने पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, लोखंडी आकड्याने भुंगा ओढून काढत आणि पातींच्या बेचक्यांत वाळू व निंबोळी पेंड भरत. त्याला माडावर चढणारा माणूस लागतो, ही खरी अडचण आहे, नाकारत नाही.

आपल्या जमिनीचाही विचार हवा. जांभा दगड सच्छिद्र, पाऊस धो-धो, आणि विहीर घराला लागून. पावसाने उघडीप दिली म्हणून घाईघाईत मारलेले औषध तासाभरात सर आली की गटारात किंवा विहिरीकडे जाते. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशांना फार घातक, आणि आपल्या गटारातले पाणी शेवटी शेतात, मानशीत म्हणजे खाडीबांधाच्या झडपेपाशी, नदीत पोचते. शिवाय पावसाळ्यात आपण ज्याला तण म्हणतो त्यातले निम्मे कोणाच्या तरी ताटात जाते. टाकळा, कुर्डू, तेरे. रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, अळमी (अळंबी) तर विचारूच नका!

माझे मागणे मोठे नाही. पंचायती, पालिका, गृहसंस्था आणि हॉटेलांनी बागेचा ठेका देताना करारातच लिहावे, की औषधाचे नाव, त्रिकोणाचा रंग आणि फवारणीची वेळ आदल्या दिवशी फलकावर लागेल आणि आत जायला हरकत नाही असे होईपर्यंत फलक तिथेच राहील. हातमोजे, बूट, चष्मा ठेकेदाराने द्यावेत आणि ते न घालणाऱ्याच्या हाती पंप देऊ नये. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, नाहीतर उद्या त्याच पंपाने गुलाबावर फवारले की गुलाब गेलाच. फुलझाडांवर मारायचेच असेल तर संध्याकाळी, मधमाशा परतल्यावर. जुने गोवे आणि मडगाव इथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. ठेकेदारांनी आपले माळी अर्ध्या दिवसासाठी तिथे पाठवावेत, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये.

आणि कुंपणाकडेच्या गवतासाठी औषध हवेच कशाला? कोयती आहे, गवत कापायचे यंत्र आहे. ते आठ-पंधरा दिवसांनी परत उगवते, तर उगवू दे.

आमच्या वसाहतीसाठी मी पत्र्याचा एक फलक रंगवून घेतला आहे. ठेकेदाराच्या माणसाने तो घेतला आणि पंपाच्या खोलीत ठेवला. अजून तिथेच आहे.

आपला,
एक निवृत्त बाग पर्यवेक्षक, फोंडा