प्रकाशदिवस आणि प्रकाशवर्ष, यात ३६५ पटींचा फरक आहे हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या विज्ञान पानावर नासाच्या व्हॉयेजर-१ या अंतराळयानाची बातमी आली होती, 'नोव्हेंबरात यान एक प्रकाशवर्ष दूर पोचणार' अशी, त्याबद्दल लिहितोय. बातमी छापलीत याचाच खरं तर आनंद, फोटो पण झकास होता, पण हेडिंगमध्येच घोळ झालाय. प्रकाशवर्ष नाही, प्रकाशदिवस. प्रकाश एका दिवसात जेवढा जातो तेवढं अंतर, म्हणजे साधारण २,५९० कोटी किलोमीटर. ते यान ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलंय, तेवढं अंतर जायला त्याला ४९ वर्षं लागतात, आणि अख्खं प्रकाशवर्ष गाठायचं तर ह्याच स्पीडने साडेसतरा हजार वर्षं लागतात. तोवर तुमचा पेपर चालू राहो ही सदिच्छा आहेच, पण तरी.

मी काही शास्त्रज्ञ वगैरे नाही, जन्म बँकेत आकडे जुळवण्यात गेला त्यामुळे शून्य इकडचं तिकडे झालं की जेवण गोड लागत नाही एवढंच. पण ही एक चूक सुधारून भागणार नाही, कारण या यानांच्या अंतराच्या बातम्या जवळजवळ सगळ्याच पेपरांत आणि चॅनलांवर अशाच ठोकून दिलेल्या असतात, आणि नोव्हेंबर २०२६ मध्ये परत सगळे हेच करणार म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट, अंतर कुठून मोजलंय ते कोणीच लिहीत नाही. सूर्यापासून की पृथ्वीपासून? नासाच्या साइटवर दोन्ही आकडे वेगवेगळे दिलेले असतात, आणि नोव्हेंबरचा जो टप्पा आहे तो पृथ्वीपासूनचा आहे, सूर्यापासूनचा तोच टप्पा त्यानंतर काही आठवड्यांनी येतो. आणि गंमत म्हणजे पृथ्वीपासूनचं अंतर दर वर्षी काही महिने चक्क कमी होतं! यान सेकंदाला १७ किमीने लांब चाललंय, रोज साडेचौदा लाख किमी, पण आपली पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमीने फिरते. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या चक्रीवर पोरगं बसलंय आणि बाप सरळ रस्त्याने लांब चाललाय असं समजा, चक्रीची बापाकडे येणारी बाजू आली की तेवढा वेळ पोरगं बापाच्या जवळच येत असतं ना, तसंच. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल हा प्रकार चालतो आणि त्या दिवसांत साइटवरचा आकडा उलटा धावताना दिसतो, मग लोक लगेच व्हॉट्सअपवर टाकतात की यान परत येतंय, कोणीतरी परत पाठवलंय, काय काय. तुम्ही चार ओळी लिहिल्या असत्या तर निदान आमच्या ग्रुपवर तरी शांतता राहिली असती.

दुसरं ते 'सूर्यमालेबाहेर पडलं'. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की ते यान बाहेर जाऊन परत आत येतंय की काय असं वाटायला लागलंय. खरी भानगड अशी आहे की सूर्याकडून सतत कणांचा एक वारा वाहत असतो, सौरवारा, त्याचा जोर जिथे संपतो आणि ताऱ्यांमधला वायू सुरू होतो त्या हद्दीला हेलिओपॉज म्हणतात. व्हॉयेजर-१ ने ती हद्द २५ ऑगस्ट २०१२ ला ओलांडली, सूर्यापासून साधारण १२२ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे सूर्य-पृथ्वी सरासरी अंतर, १५ कोटी किमी), आणि त्याचं जोडीदार यान व्हॉयेजर-२ ने ५ नोव्हेंबर २०१८ ला. पण २०१२ ची गोष्ट जाहीर केली सप्टेंबर २०१३ मध्ये, वर्षभराने! कारण तिथला वायू किती दाट आहे ते थेट मोजणारं उपकरण व्हॉयेजर-१ वर १९८० पासूनच बंद पडलेलं. मग कळलं कसं, तर मार्च २०१२ मध्ये सूर्यावर मोठा भडका उडाला, त्याचा धक्का वर्षाच्या वर प्रवास करून एप्रिल २०१३ मध्ये यानाभोवतीच्या वायूला लागला, तो वायू थरथरायला लागला आणि ती थरथर दुसऱ्या उपकरणाच्या अँटेनाने टिपली. थरथरीच्या फ्रिक्वेन्सीवरून घनता काढली तर आधीपेक्षा ४० पट निघाली, तेव्हा कुठे आयोवा विद्यापीठाच्या डॉन गर्नेट यांच्या टीमने सांगितलं की आपण बाहेर आहोत. इतकी डिटेक्टिव्ह स्टोरी हातात असताना पेपरवाले 'सूर्यमालेला रामराम' छापून मोकळे होतात, काय म्हणायचं.

आणि बाहेर म्हणजे तरी सौरवाऱ्याच्या बाहेर हं. सूर्याच्या ओढीत फिरणाऱ्या बर्फाळ गोळ्यांचा जो ऊर्टचा मेघ मानतात त्याची आतली कड गाठायलाच अजून ३०० वर्षं लागतील आणि पार व्हायला ३० हजार. म्हणजे कोणी विचारलं सूर्यमालेबाहेर गेलं का, तर हो पण आणि नाही पण.

तिसरं, कोण सर्वात लांब हा रेकॉर्ड. १७ फेब्रुवारी १९९८ ला व्हॉयेजर-१ ने पायोनियर-१० या नासाच्याच जुन्या यानाला मागे टाकलं, साधारण १,०४० कोटी किमीवर, तेव्हापासून तेच पहिलं आहे. २०२३ मध्ये व्हॉयेजर-२ पण पायोनियरच्या पुढे गेलं, ती बातमी मला मराठीत कुठे दिसलीच नाही. आणि २००६ मध्ये निघालेलं न्यू होरायझन्स यान मागून आलंय तर कधीतरी पुढे जाईल असं काही जण ठोकून देतात, ते नाही जाणार, त्याचा स्पीडच कमी आहे. पण ह्या शर्यतीचं मला तितकंसं कौतुक नाही, कारण पायोनियर-१० कडून शेवटचा क्षीण सिग्नल आला २३ जानेवारी २००३ ला, त्यानंतरचं त्याचं अंतर हे आपण गणिताने काढतोय. बंद पडलेलं यान पण रोज नवा रेकॉर्ड करतच असतं, त्यात त्याचं काय कर्तृत्व.

मला विचाराल तर प्रकाशदिवसाचा अर्थ लोकांना असा सांगा. सोमवारी सकाळी १० ला कमांड पाठवली तर यानाला ती मंगळवारी १० ला मिळणार आणि 'मिळाली' हे आपल्याला बुधवारी १० ला कळणार. अशा अवस्थेत रिपेरी करायची! नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ कडून एकदम अर्थहीन डेटा यायला लागला, शून्य आणि एकची नुसती खिचडी. कॅलिफोर्नियातल्या जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी महिनोन् महिने खपून शोधलं की मेमरीची एक चिप गेलीय, आणि ती तर बदलता येणार नाही. मग त्या चिपमधला कोड दुसरीकडे हलवायचा ठरला, तर अख्खा कोड मावेल अशी एक सलग जागाच नाही कारण मेमरी १९७० च्या दशकातली, म्हणून कोडचे तुकडे करून जिथे जागा मिळेल तिथे बसवले आणि त्या तुकड्यांचे एकमेकांशी धागे परत जुळवले. १८ एप्रिल २०२४ ला पहिला तुकडा पाठवला. साडेबावीस तास जायला, साडेबावीस यायला. २० तारखेला उत्तर आलं आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा यानाची तब्येत कळली. ज्यांनी ते मूळ सॉफ्टवेअर लिहिलं त्यातले किती तरी आज हयातही नाहीत, जुनी कागदपत्रं उकरून काम केलं ह्या लोकांनी. ही बातमी तुमच्याकडे आतल्या पानावर दोन इंचात होती, तक्रार म्हणून नाही, सहज सांगतो.

मराठी पेपर म्हणून आणखी एक गोष्ट तुमच्या हक्काची आहे ती कधीच छापत नाही. दोन्ही व्हॉयेजरवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठी आहे. आणि गाण्यांमध्ये केसरबाई केरकरांची भैरवी आहे, गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई, ज्यांनी रेकॉर्डिंगं फार कमी करू दिली. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला आणि बाई गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला, अकराच दिवसांनी. मैफिलीचा शेवट भैरवीने करायचा आपला रिवाज, आणि इथे तीच भैरवी घेऊन यान अजून चालतंय. सगळ्यात लांब गेलेला माणसाचा आवाज कोणाकोणाचा या यादीत आपली बाई आहे हे कॉलेजातल्या पोरांना माहीत नसतं, मी विचारून बघितलंय.

तर नोव्हेंबरात बातमी लावाल तेव्हा एवढं करा. अंतर पृथ्वीपासून आहे ते स्पष्ट लिहा, किलोमीटर कोटीत द्या आणि शून्यं कोणाकडून तरी तपासून घ्या, आणि त्याच्या शेजारी वीज किती उरलीय ते पण लिहा. प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारं ते यान निघालं तेव्हा साधारण ४७० वॅट वीज मिळत होती, ती दर वर्षी ४ वॅटने कमी होतेय, म्हणून एकेक उपकरण बंद करत आणलंय, फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हॉयेजर-१ चं वैश्विक किरण मोजणारं पण बंद केलं. ट्रान्समीटर २३ वॅटचा आणि डेटा येतो सेकंदाला १६० बिट. अंतराचा आकडा तर यान मेल्यावर पण वाढत राहील, उपकरणं चालू किती ही ओळ मात्र अजून थोडीच वर्षं छापता येणार आहे.

आणि जमलं तर हेडिंगची दुरुस्ती उद्याच्या अंकात टाका, आमच्या शेजारच्या मुलीने ते कात्रण शाळेच्या प्रोजेक्टला चिकटवलंय.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली पूर्व