आयटीआयला संध्याकाळी कुलूप का?

लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, 22 वर्षे काढली. आता कारखान्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारे मशीन आले. प्रोग्रॅम नवी पोरे लावतात, आम्ही जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, उचलून देतो. शिकायची तयारी आहे, पण तालुक्याच्या आयटीआयमधले वर्ग दिवसाचे. पहिली पाळी सुटून, हाताचे ऑइल धुऊन पोचेपर्यंत पाच वाजतात. शिपाई खिडक्या लावत असतो. आत सीएनसी मशीन प्लास्टिकखाली झाकलेले!

1989 मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले, नोकरी सांभाळून पदवी घेता येऊ लागली. चांगलेच झाले. पण टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराचे माप मशीनला लावून देणे, पुस्तक वाचून हातात बसत नाही, त्याला मशीनच लागते. संध्याकाळी सहा ते आठ असा तीन महिन्यांचा वर्ग काढा. फी भरू. चहाचे आमचे आम्ही बघू.

- एक टर्नर, जि. सातारा